सम्राट न होता सत्ताधीश : ज्युलियस सीझर सत्तेपर्यंत पोहोचला कसा?

जगात कुठेही एखाद्या नेत्यानं मागे फिरता येणार नाही असं पाऊल उचललं, की अग्रलेखात 'रुबिकॉन ओलांडला' हे शब्द येतात. रुबिकॉन ही उत्तर इटलीतली एक लहानशी नदी. सीझरच्या ताब्यातल्या प्रांताची हद्द तिथे संपे. इ.स.पू. ४९ च्या जानेवारीत ज्युलियस सीझर सैन्य घेऊन ती ओलांडून आला आणि रोममध्ये यादवी युद्ध पेटलं, एवढं बहुतेकांनी ऐकलेलं असतं. त्यातून मनात एक चित्र तयार होतं : महत्त्वाकांक्षी सेनापती आला, तलवार उपसली, राज्य बळकावलं आणि सम्राट झाला.

हे चित्र दोन बाबतींत चुकीचं आहे. एक म्हणजे सीझर सम्राट कधीच नव्हता. रोमचा पहिला सम्राट त्याचा दत्तक वारस ऑक्टेव्हियन, म्हणजे पुढचा ऑगस्टस. दुसरी बाब जास्त महत्त्वाची. सीझर नदीकाठी पोहोचला तेव्हा पन्नाशीचा होता, आणि तोवर त्याच्याकडे जी सत्ता होती ती जवळजवळ सगळी त्याला मतदानानं, कायद्यानं आणि उसन्या पैशांनी मिळालेली होती. ज्या सैन्यासह तो नदी उतरला, त्याची सूत्रंही रोमच्या जनतेनं कायदा करून त्याच्या हाती दिली होती. म्हणून मला नदीपेक्षा नदीपर्यंतची वाट अधिक महत्त्वाची वाटते.

राजा नको म्हणणारं शहर

रोमन परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ मध्ये लोकांनी शेवटच्या राजाला हाकलून दिलं. त्यानंतर एका माणसाच्या हाती सगळी सत्ता जाऊ नये, हाच धाक धरून तिथली व्यवस्था उभी राहिली. सर्वोच्च पदावर एक नव्हे, दोन माणसं. त्यांना कॉन्सल म्हणत. मुदत फक्त एक वर्ष, आणि एक कॉन्सल दुसऱ्याला अडवू शकत असे. सामान्य लोकांच्या वतीनं दरवर्षी दहा ट्रिब्यून निवडले जात. त्यांच्यापैकी एकानंही नकाराधिकार वापरला तर ठराव तिथेच थांबे, आणि ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावणं हे धर्माविरुद्धचं पाप मानलं जाई. सिनेट म्हणजे आजी-माजी अधिकाऱ्यांची सभा. तिला कायदे करण्याचा अधिकार नव्हता, ती सल्ला द्यायची. पण तिचा दरारा एवढा होता की तो सल्ला डावलणं सोपं नसे. कायदे लोकांच्या सभांमध्ये मतदानानं होत. मोठं संकट आलं तर एका माणसाला सर्वाधिकार देऊन 'डिक्टेटर' नेमायची सोय होती, पण जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी.

कॉन्सल व्हायला पायऱ्या ठरलेल्या होत्या. आधी क्वेस्टर, म्हणजे खजिन्याचं काम पाहणारा अधिकारी. मधे हवं तर ईडाइल, ज्याच्याकडे शहराची व्यवस्था आणि सार्वजनिक खेळ असत. मग प्रेटर, म्हणजे न्यायदानाचं पद. शेवटी कॉन्सल. प्रत्येक पदाला वयाची अट, आणि वरच्या पायरीवर जागा कमी.

आता यातली मेख पाहा. या पदांना पगार नव्हता. उलट निवडून यायला पाण्यासारखा पैसा लागे. मतदार रोममध्ये प्रत्यक्ष हजर असेल तरच मत देता येई, आणि कॉन्सलच्या निवडणुकीत मतांची रचना अशी होती की श्रीमंतांचे गट आधी मत देत. गरिबांची पाळी येण्याआधी निकाल बहुधा लागलेला असे. लाच देऊन मतं घेण्याविरुद्ध कायद्यांमागून कायदे झाले. कायदे वरचेवर करावे लागत होते, यावरूनच ते किती पाळले जात होते हे समजतं.

घराणं मोठं, खिसा रिकामा

सीझरचा जन्म इ.स.पू. १०० मधला. ज्युलियस घराणं स्वतःला व्हीनस देवीचं वंशज म्हणवत असे, पण कित्येक पिढ्यांत त्या घराला फारशी मोठी पदं मिळाली नव्हती. घर होतं सुबुरा या गजबजलेल्या, गरीब वस्तीत. सोळाव्या वर्षी वडील गेले. आत्या मात्र गायस मारियसला दिलेली. मारियस सात वेळा कॉन्सल झालेला सेनापती.

या मारियसनं इ.स.पू. १०७ मध्ये एक गोष्ट केली होती, ती लक्षात ठेवायला हवी. ज्यांच्या नावावर काहीच मालमत्ता नाही अशा माणसांना त्यानं सैन्यात घेतलं. तोवर सैनिक म्हणजे प्रामुख्यानं स्वतःची शेती असलेला माणूस. युद्ध संपलं की तो घरी परते. या नव्या सैनिकाला परतायला घर-शेत नव्हतं. म्हातारपणी पोटाला लागणारी जमीन त्याला कोण देणार? सिनेटनं तशी कायमची व्यवस्था कधीच केली नाही. ती जबाबदारी सेनापतीवर येऊन पडली, आणि सैनिकाचा जीव राज्याऐवजी सेनापतीत गुंतला. माझ्या मते रोमन प्रजासत्ताकाच्या शेवटाचं सगळ्यात मोठं कारण हेच, आणि त्याचा दोष एकट्या सीझरवर टाकता येत नाही.

त्याचा पहिला परिणाम सीझरनं लहानपणीच पाहिला. इ.स.पू. ८८ मध्ये सुल्ला हा सेनापती स्वतःचं सैन्य घेऊन थेट रोमवर चालून आला. पुढे तो डिक्टेटर झाला आणि ज्यांना ठार मारायचं त्यांच्या नावांच्या याद्या चौकात लावल्या. सीझरची बायको कॉर्नेलिया ही सुल्लाच्या मेलेल्या शत्रूची, सिन्नाची मुलगी. सुल्लानं तिला सोडायला सांगितलं. सीझरनं नकार दिला, बायकोचा हुंडा आणि स्वतःचा वारसा गमावला, आणि नातेवाइकांनी रदबदली करेपर्यंत लपूनछपून राहिला. तेव्हा तो जेमतेम १८ वर्षांचा होता.

पैसा कुणाचा?

इ.स.पू. ६९ मध्ये तो क्वेस्टर झाला. त्याच सुमाराला आत्या वारली, तेव्हा अंत्ययात्रेत त्यानं मारियसच्या प्रतिमा मिरवल्या. सुल्लाच्या काळापासून त्या सार्वजनिक ठिकाणी कुणी बाहेर काढल्या नव्हत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरातलं दुःख आणि राजकारण यांची अशी सांगड त्याला नेहमीच घालता येई.

इ.स.पू. ६५ मध्ये ईडाइल झाल्यावर त्यानं शहराचे डोळे दिपवले. ग्लॅडिएटरांच्या ३२० जोड्या त्यानं झुंजीसाठी उभ्या केल्या, असं प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. सोबतचा ईडाइल बिब्युलस यानंही खर्च केला होता, पण श्रेय सगळं सीझरला गेलं. बिब्युलसचं नाव ध्यानात असू द्या, तो पुढे पुन्हा भेटणार आहे. दोन वर्षांनी रोमच्या प्रमुख धर्माधिकाऱ्याचं पद रिकामं झालं. हे पद मरेपर्यंतचं. समोर दोन ज्येष्ठ, वजनदार उमेदवार. मतदानाच्या सकाळी सीझरनं आईला, ऑरेलियाला सांगितलं की आज परत येईन तो धर्मप्रमुख होऊन, नाहीतर येणारच नाही. कर्ज एवढं झालं होतं की हरला असता तर सावकारांनी त्याला रोममध्ये राहू दिलं नसतं. तो जिंकला.

हा सगळा पैसा उसना होता. इ.स.पू. ६१ मध्ये प्रेटरपदाची मुदत संपल्यावर त्याला स्पेनमधल्या प्रांताचा सुभेदार म्हणून निघायचं होतं, तर सावकारांनी वाट अडवली. तेव्हा रोममधला सगळ्यात धनाढ्य माणूस, क्रॅसस, ८३० टॅलेंटला जामीन राहिला. टॅलेंट हे वजनाचं माप. ८३० टॅलेंट म्हणजे सुमारे २१ टन चांदी.

एवढं कर्ज फिटणार कसं?

उत्तर आहे 'प्रांत'. प्रेटर किंवा कॉन्सलचं वर्ष संपलं की त्या माणसाला इटलीबाहेरचा एखादा प्रांत सांभाळायला मिळे. तिथे तो सेनापती, न्यायाधीश आणि कारभारी सगळं एकटाच. लूट, नजराणे, करवसुलीतला वाटा यांतून एका-दोन वर्षांत आयुष्याचं कर्ज फिटू शके. सिसिलीच्या व्हेरेस नावाच्या सुभेदारावर इ.स.पू. ७० मध्ये सिसेरो या वकील-राजकारण्यानं खटला चालवला, तेव्हा त्यानं व्हेरेसच्याच तोंडचं म्हणून एक वाक्य सांगितलं : तीन वर्षांच्या कमाईतलं एक वर्ष माझं, दुसरं माझ्या वकिलांचं आणि सगळ्यात भरघोस असलेलं तिसरं न्यायाधीशांचं.

म्हणजे पुढच्या पिकावर आधीच उचल घेऊन ठेवलेल्या शेतकऱ्यासारखी उमेदवाराची गत होई. पीक आलं तर सुटला, नाही तर जमिनीसह बुडाला. फरक एवढाच की इथलं पीक म्हणजे दूरच्या प्रांतांतली माणसं होती, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आणखी एक नियम इथे महत्त्वाचा. सैन्याचा अधिकार असलेल्या पदावर माणूस असेपर्यंत त्याच्यावर खटला चालवता येत नसे. पद सुटलं की विरोधक कोर्टात खेचायला टपलेले. त्यामुळे जो जितकं मोठं धाडस करी, त्याला पदावर राहण्याची गरज तितकीच वाढत जाई.

सीझरनं स्पेनमध्ये लढाया केल्या, पैसा मिळवला, कर्जाचा मोठा भार उतरवला आणि इ.स.पू. ६० मध्ये परतला तो विजयी मिरवणुकीचा मान घेऊन. पण पेच असा की मिरवणुकीपर्यंत सेनापतीनं शहराबाहेर थांबायचं, आणि कॉन्सलपदाचा अर्ज तर शहरात स्वतः येऊन भरायचा. त्यानं सवलत मागितली. सिनेटमध्ये सीझरचा कट्टर विरोधक केटो उभा राहिला आणि दिवस मावळेपर्यंत बोलत राहिला, म्हणजे निर्णयच होऊ नये. रोमन माणसाच्या आयुष्यात विजयाच्या मिरवणुकीहून मोठा मान नव्हता. सीझरनं तो सोडला, शहरात आला आणि अर्ज भरला. मानापेक्षा पद मोठं हे त्यानं एका दिवसात ठरवलं.

तिघांची गरज, एक समझोता

निवडून येण्याइतकी लोकप्रियता त्याच्याकडे होती, पण सिनेटमधल्या विरोधकांना पुरून उरण्याइतकं बळ नव्हतं. ते त्यानं दोन अडलेल्या माणसांकडून घेतलं.

पॉम्पी हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ सेनापती. पूर्वेकडचे देश जिंकून आला होता. त्यानं तिथे केलेल्या तहांना मंजुरी आणि त्याच्या सैनिकांना जमीन, एवढंच त्याला हवं होतं. सिनेट दोन्ही गोष्टी लोंबकळत ठेवत होतं. क्रॅससच्या वर्तुळातल्या ठेकेदारांनी आशिया प्रांताच्या करवसुलीचा ठेका चढ्या बोलीनं घेतला होता आणि त्यांना आता रकमेत सूट हवी होती. तीही अडलेली. पॉम्पी आणि क्रॅसस यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. सीझरनं दोघांना एकत्र आणलं. इतिहासकार याला 'पहिलं त्रिकूट' म्हणतात, पण ते काही सरकारी पद नव्हतं, तिघांमधला खासगी समझोता होता. सीझरची मुलगी ज्युलिया पुढच्याच वर्षी पॉम्पीची बायको झाली.

सिनेटनं पॉम्पीच्या सैनिकांची साधी, रास्त मागणी मान्य केली असती तर हा समझोता झालाच नसता, असं मला ठामपणे वाटतं. सैन्य विसर्जित करून, कायदा पाळून घरी आलेल्या सेनापतीला त्यांनी दोन वर्षं दारात ताटकळत ठेवलं.

कॉन्सलचं वर्ष : कायदा पाळला की मोडला?

इ.स.पू. ५९ मध्ये सीझर कॉन्सल झाला. त्याच्या जोडीचा कॉन्सल तोच बिब्युलस, केटोचा जावई. सीझरनं जमीनवाटपाचा मसुदा सिनेटपुढे वाचला. मसुद्यात खोट काढता येईना, तेव्हा केटो पुन्हा बोलत बसला. सीझरनं त्याला पकडून न्यायचा हुकूम दिला आणि काही सिनेटर त्याच्या मागोमाग चालू लागल्यावर सोडूनही दिलं. मग तो थेट लोकांच्या सभेत गेला. चौकात पॉम्पीचे जुने सैनिक जमलेले. बिब्युलस अडवायला आला, तर गर्दीनं त्याच्या डोक्यावर शेणाची पाटी ओतली आणि त्याच्या अधिकाराची चिन्हं मोडली. कायदा मंजूर झाला.

त्यानंतर बिब्युलस वर्षभर घरात बसला आणि आकाशात अशुभ चिन्हं दिसत असल्याचं जाहीर करत राहिला. रोमन नियमांप्रमाणे अशा दिवशी सभा भरवता येत नसे. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या सीझरचे सगळे कायदे संशयास्पद ठरत होते, आणि पद सुटताच खटला भरायला हे कारण पुरेसं होतं. लोक मात्र थट्टेनं म्हणत की हे वर्ष 'ज्युलियस आणि सीझर' या दोन कॉन्सलांचं आहे.

या वर्षाचं मूल्यमापन करताना एकांगी होऊन चालत नाही. याच वर्षी सीझरनं सुभेदारांच्या लुटीला आळा घालणारा एक कडक, तपशीलवार कायदा केला. तो इतका चांगला होता की पुढे शतकानुशतकं टिकला. सिनेटचं कामकाज लोकांसाठी प्रसिद्ध करायला सुरुवात झाली तीही याच वर्षी. चांगले कायदे आणि शेणाची पाटी, दोन्ही एकाच माणसाच्या कारकिर्दीत, एकाच वर्षात. पण जोडीदाराला पळवून लावून काम करता येतं हे एकदा दिसल्यावर दोन कॉन्सलांच्या तत्त्वात काही राम उरला नाही.

वर्ष संपायच्या आत व्हॅटिनियस या ट्रिब्यूननं एक ठराव मंजूर करून घेतला. त्यानुसार उत्तर इटलीतला गॉल प्रांत आणि इलिरिया पाच वर्षांसाठी सीझरकडे आले, तीन लीजनसह. लीजन म्हणजे सुमारे ५,००० जणांचं सैन्यदल. नंतर आल्प्सपलीकडचा गॉल आणि आणखी एक लीजन सिनेटनंच जोडून दिली.

गॉलची किंमत

इ.स.पू. ५८ पासून पुढे नऊ वर्षं सीझर आजच्या फ्रान्स-बेल्जियमच्या भूमीवर होता. इतिहास सांगताना इथे पराक्रमाची यादी येते : ऱ्हाइनवर दहा दिवसांत बांधलेला पूल, ब्रिटनवर दोन स्वाऱ्या, अलेसियाचा वेढा. हे सगळं खरं आहे. पण सत्तेच्या दृष्टीनं पाहायचं तर गॉलमधून त्याला चार गोष्टी मिळाल्या : पैसा, त्याच्यावर जीव टाकणारं सैन्य, कीर्ती आणि खटल्यापासून संरक्षण.

आणि त्याची किंमत गॉलच्या लोकांनी मोजली. सीझरनं या युद्धांचा वृत्तान्त स्वतःच लिहिला, स्वतःचा उल्लेख 'सीझर' असा तृतीयपुरुषी करून. त्यात तो सांगतो की हेल्वेटी जमातीचे आणि त्यांच्या साथीदारांचे मिळून ३,६८,००० लोक घर सोडून निघाले होते; परत गेले ते १,१०,०००. एका गावातले ५३,००० लोक एकगठ्ठा गुलाम म्हणून विकले, हेही तोच लिहितो. इ.स.पू. ५२ मध्ये व्हर्सिंजेटोरिक्सच्या नेतृत्वाखाली गॉल एकवटला आणि अलेसियात वेढला गेला. गडावरचं धान्य संपत आल्यावर तिथल्या रहिवाशांना बायकापोरांसह बाहेर काढलं गेलं. ते रडत रोमन तटापाशी आले, आम्हाला गुलाम करा पण खायला द्या म्हणाले. सीझरनं पहारे बसवले आणि त्यांना आत घेऊ दिलं नाही. अलेसिया पडल्यावर सैनिकांना लूट म्हणून माणशी एक कैदी वाटला. हे आकडे फुगवलेले असतील असं आजच्या अनेक इतिहासकारांना वाटतं. पण असे आकडे लिहून रोममध्ये कीर्ती वाढते, हे सीझरला माहीत होतं. मला ते जास्त भयंकर वाटतं.

गॉलचं सोनं रोममध्ये आलं. त्यातून सिनेटरांना सढळ हातानं कर्जं दिली गेली. एकेकाळचा कर्जदार आता सावकार झाला. इ.स.पू. ५० मध्ये क्युरिओ नावाचा तरुण, कर्जबाजारी, उत्तम वक्ता ट्रिब्यून झाला. आधी तो सीझरचा विरोधक होता. त्याची देणी फिटली आणि तो सीझरच्या बाजूनं बोलू लागला.

मग सिनेट काय करत होतं?

बराच काळ सिनेट टाळ्या वाजवत होतं. इ.स.पू. ५७ मध्ये गॉलच्या विजयाबद्दल देवांचे आभार मानायला १५ दिवसांचा उत्सव जाहीर झाला, पुढे २० दिवसांचाही झाला. केटोनं मात्र एकदा भर सभेत मागणी केली की युद्धबंदी मोडून जर्मन जमातींची कत्तल करणाऱ्या सीझरला त्यांच्याच हवाली करा. कुणी ऐकलं नाही. इ.स.पू. ५६ मध्ये लुका इथे तिघांनी समझोता पुन्हा पक्का केला, आणि पुढच्या वर्षी कॉन्सल झालेल्या पॉम्पी-क्रॅससनी सीझरला मुदतवाढ दिली.

मग आधार एकेक करून निखळले. इ.स.पू. ५४ मध्ये ज्युलिया बाळंतपणात वारली. पुढच्या वर्षी क्रॅसस पूर्वेकडच्या पार्थियन साम्राज्याविरुद्ध कॅऱ्हीच्या लढाईत मारला गेला. इ.स.पू. ५२ मध्ये रोममध्ये दंगली एवढ्या वाढल्या की सिनेटची इमारत जळाली आणि पॉम्पीला एकट्यालाच कॉन्सल करण्यात आलं. सिनेटनं इतकी वर्षं लटकवलेला पॉम्पी आता सिनेटचा तारणहार झाला होता.

सीझरची मागणी होती की दुसऱ्यांदा कॉन्सल होताना मला रोममध्ये हजर न राहता अर्ज भरू द्या. त्यासाठी इ.स.पू. ५२ मध्ये दहाही ट्रिब्यूनांनी मिळून कायदाही केला होता. म्हणजे सुभेदारीतून थेट कॉन्सलपदावर, मधे खटला भरायला एक दिवसही रिकामा नाही. विरोधकांना नेमका तो दिवस हवा होता. खटल्याची भीती खरोखर किती मोठी होती, यावर आजचे इतिहासकार वाद घालतात. काहींच्या मते त्याला स्वतःची प्रतिष्ठा जास्त प्यारी होती. पण पुढे पॉम्पीला हरवल्यावर फार्सेलसच्या रणांगणावर रोमनांचीच प्रेतं पाहून तो जे म्हणाला, ते तिथे हजर असलेल्या असिनियस पोलिओनं नोंदवलं : त्यांनाच हे हवं होतं, एवढं सगळं करूनही मी सैन्याची मदत घेतली नसती, तर मला दोषी ठरवलं असतं.

युद्ध टाळता आलं असतं का? मला वाटतं, होय. इ.स.पू. ५० च्या डिसेंबरमध्ये क्युरिओनं सिनेटपुढे ठराव मांडला की सीझर आणि पॉम्पी दोघांनीही सैन्य सोडावं. बाजूनं ३७० मतं पडली, विरोधात २२. त्या २२ जणांचं चाललं. एका कॉन्सलनं सभा उधळली आणि पॉम्पीच्या हाती तलवार देऊन त्याला रोमचं रक्षण करायला सांगितलं. जानेवारीत सिनेटनं आणीबाणीचा ठराव केला. सीझरच्या बाजूचे ट्रिब्यून, अँटनी आणि कॅसियस, शहरातून पळाले. सीझरला हवं ते कारण मिळालं : ट्रिब्यूनांच्या पवित्र अधिकाराचं रक्षण.

नदीनंतर

तेरावी लीजन घेऊन त्यानं रुबिकॉन ओलांडली. पॉम्पी आणि बहुतेक सिनेट दक्षिणेकडे आणि मग समुद्रापार निघून गेलं. ६० दिवसांत इटली सीझरच्या हाती आली. रोममध्ये तो सरकारी खजिना उघडायला गेला तेव्हा मेटेलस नावाचा ट्रिब्यून दारात आडवा उभा राहिला. ज्या ट्रिब्यूनांच्या रक्षणासाठी आपण आलो असं सीझर सांगत होता, त्यांच्यातल्याच एकाला त्यानं ठार मारायची धमकी दिली आणि खजिना घेतला. इ.स.पू. ४८ च्या ऑगस्टमध्ये फार्सेलसला पॉम्पी हरला, इजिप्तला पळाला आणि किनाऱ्यावर उतरताना मारला गेला. आफ्रिका आणि स्पेनमधल्या लढाया आणखी तीन वर्षं चालल्या.

शत्रूंना सीझरनं सुल्लासारखं मारलं नाही, माफ केलं. यात उदारपणा होताच. पण ज्याला माफी मिळते, त्याचा जीव माफ करणाऱ्याच्या मर्जीवर राहतो. मुक्त नागरिकांच्या शहरात ही गोष्ट अनेकांना खुपली, आणि केटोनं तर माफी घेण्यापेक्षा मरण पत्करलं.

पण लोकांना तो हवा होता ना?

हा आक्षेप रास्त आहे. त्यानं आल्प्सच्या अलीकडच्या गॉल लोकांना नागरिकत्व दिलं, ८०,००० नागरिकांना समुद्रापारच्या वसाहतींत जमिनी दिल्या, विस्कटलेलं पंचांग सूर्याशी जुळवलं. त्यासाठी इ.स.पू. ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचं करावं लागलं. आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतला जुलै महिना त्याच्याच नावाचा. मात्र गरिबांचा कैवारी अशी त्याची प्रतिमा पूर्ण खरी नाही. फुकट धान्य घेणाऱ्यांची यादी त्यानं ३,२०,००० वरून १,५०,००० वर आणली, आणि सरसकट कर्जमाफीची अपेक्षा धरून बसलेल्यांना निराश केलं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लोकांच्या मताचं वजन संपलं. बऱ्याच पदांचे उमेदवार तोच सुचवू लागला. इ.स.पू. ४५ च्या शेवटच्या दिवशी एक कॉन्सल मरण पावला, तर उरलेल्या काही तासांसाठी सीझरनं आपल्या एका सहकाऱ्याला, कॅनिनियसला कॉन्सल करून टाकलं. सिसेरोनं मित्राला पत्रात लिहिलं की हा कॉन्सल इतका जागरूक की त्याच्या कारकिर्दीत त्याला झोपच लागली नाही. आणि पुढे लिहिलं की तू इथे असतास तर तुला रडू आवरलं नसतं.

सहा महिन्यांचं डिक्टेटरपद आधी दहा वर्षांचं आणि इ.स.पू. ४४ च्या फेब्रुवारीत आजन्म झालं. १५ मार्चला त्याला मारलं गेलं. अंगावर २३ वार होते. मारणाऱ्या ६० हून अधिक जणांच्या कटात त्यानं माफ केलेले होते, तसे त्याचे जुने सरदारही होते.

त्याला मारून प्रजासत्ताक परत आलं का?

नाही, आणि यामागचं कारण व्यवस्थेत होतं. मारणाऱ्यांची समजूत अशी की अडचण एका माणसाची आहे, तो गेला की सगळं पूर्ववत होईल. पण जमिनीची वाट पाहणारे सैनिक तसेच होते, पदासाठी कर्ज काढणारे उमेदवार तसेच होते, आणि सैनिकांच्या उतारवयाची जबाबदारी अजूनही राज्यानं घेतली नव्हती.

सीझरचा वारस ऑक्टेव्हियन तेव्हा १८ वर्षांचा होता. त्याच्याकडे कुठलंही पद नव्हतं. त्यानं सीझरच्या जुन्या सैनिकांना माणशी ५०० दिनार देऊन स्वतःचं सैन्य उभं केलं. सिनेटनं आधी सीझरचा जुना साथीदार अँटनी याच्याविरुद्ध त्याचा उपयोग करून घेतला आणि सैनिकांना कबूल केलेल्या बक्षिसात मात्र काटछाट केली. इ.स.पू. ४३ मध्ये त्याच्या सैनिकांचं शिष्टमंडळ सिनेटमध्ये कॉन्सलपद मागायला आलं. सिनेटर टाळाटाळ करू लागले, तेव्हा कॉर्नेलियस नावाच्या सेनाधिकाऱ्यानं अंगरखा बाजूला सारून तलवारीची मूठ दाखवली : तुम्ही त्याला कॉन्सल करणार नसाल, तर ही करेल. काही आठवड्यांतच आठ लीजन रोमवर चालून आल्या. वाटेत त्यांनाही रुबिकॉन लागली होती. १९ ऑगस्टला, विसावं वर्षही पुरं न झालेला ऑक्टेव्हियन रीतसर मतदानानं कॉन्सल निवडला गेला.